क्वालिफायरमधून आलेल्या टीम काय दिवे लावणार?

प्रश्न : ऑलिम्पिकच्या कर्लिंगमध्ये (बर्फावर दगड सरकवायचा खेळ) शेवटच्या क्वालिफायरमधून, म्हणजे पात्रता स्पर्धेतून, ज्या टीम येतात त्या फक्त संख्या भरायलाच असतात ना?

उत्तर : अहो अजिबात नाही! २०२२ च्या बीजिंगचंच घ्या. महिलांच्या १० जागा, त्यातली एक यजमान चीनची, सहा २०२१ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमधून भरल्या आणि उरल्या फक्त तीन, त्यासाठी डिसेंबर २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या लेवार्डनला ९ देश भिडले, सगळ्यांनी सगळ्यांशी खेळायचं आणि मग वर प्लेऑफ. यात कोरिया पण होती बरं का, २०१८ ची सिल्व्हरवाली, म्हणजे बघा. स्कॉटलंडच्या मुली वर्ल्डमध्ये पहिल्या सहात आल्या नव्हत्या, ऑलिम्पिकला त्या ग्रेट ब्रिटन म्हणून खेळतात, तर ईव्ह म्युअरहेडची ती टीम, सात्सुकी फुजिसावाची जपान आणि कोरिया असे तिघे पात्र ठरले. आणि बीजिंगच्या फायनलला कोण? ब्रिटन विरुद्ध जपान! म्हणजे दोन्ही टीम मागच्या दाराने आलेल्या. ब्रिटनने १०-३ ने धुतलं, गोल्ड. माझं तर मत आहे की ऐन दोन महिने आधी असल्या जीवघेण्या मॅच खेळून आलेली टीम जास्त तापलेली असते, थेट जागा मिळालेल्यांना ते प्रेशर कुठे मिळतं?