होमरचा हॅलिबट आणि पक्ष्यांचे बेट

प्रश्न : जूनच्या आरंभी आई-वडिलांसह अलास्कातील होमरला जात आहोत. समुद्रातील गळाची मासेमारी आणि वन्यजीवदर्शन, दोन्ही साधेल का? (एक वाचक, सिएटल)

उत्तर : साधेल, मात्र भरती-ओहोटीचे कोष्टक पाहूनच दिवस ठरवावा. हिवाळा खोल पाण्यात काढलेले हॅलिबट (तळाशी राहणारे मोठे चपटे मासे) या सुमारास उथळाकडे सरकतात, परंतु होमरलगतच्या कचेमॅक उपसागरात उधाणाच्या वेळी पाणी २० फुटांहून अधिक चढत-उतरत असल्याने गळाला बांधलेले जड शिसेही तळाशी टिकत नाही. म्हणून भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी असतो ते दिवस गाठावेत. हेरिंग या लहान माशाचा तुकडा लावलेल्या गोल गळाला मासा लागताच हिसका देऊ नये, दोर संथपणे गुंडाळावा, म्हणजे गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात रुततो. परवाना आवश्यक आहे. भाड्याच्या होड्यांसाठी हॅलिबटचे नियम वर्षागणिक बदलतात, तेही तपासावेत.

आई-वडिलांना मात्र दिवसभराच्या या हेलकाव्यांत नेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्यांच्यासाठी उपसागराच्या आडोशातले गल बेट उत्तम : कड्यांवर ‘मर’ आणि ‘किटिवेक’ या समुद्री पक्ष्यांची दाटी, आणि वाटेत उताणे तरंगत पिल्लाला छातीवर घेतलेले समुद्री ऊदमांजर दिसण्याची शक्यता पुष्कळ. हंपबॅक देवमासा दिसल्यास १०० यार्डांचे अंतर राखणे कायद्याने बंधनकारक आहे.