झाडीतल्या सायकल रेसचे फोटो काळे आणि हललेले येतात. कॅमेऱ्यासोबत मिळालेली १८-५५ किट लेन्स आहे, काय करू?

अंजनेरीच्या बाजूला भावाच्या रेसचे सगळे फोटो वाया गेले म्हणून नवा कॅमेरा घ्यायचा विचार करताय असं लिहिलंय तुम्ही. थांबा जरा. आधी उभं राहायची जागा बदलून बघा.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा उतारावर सायकली सगळ्यात जोरात येतात तिथेच ठाण मांडलं. घरी येऊन पाहतो तर हिरवट काळोख आणि त्यातून गेलेले रंगीत फराटे. एका फोटोत नुसतं मागचं चाक! आता मी रेसआधी रूट पायी फिरून येतो. वळणावर टायरने माती खरवडलेली दिसली की समजायचं, इथे ब्रेक लागतात. सायकल मंदावते आणि समोरूनच येते. आडव्या जाणाऱ्या सायकलीला १/१००० शटर (म्हणजे सेकंदाचा हजारावा भागच उघडं) लागत असेल तर इथे १/४०० वरही निभतं.

त्यातही झाडी संपते त्या तोंडावरचं वळण मिळालं तर सोडू नका. मोकळं आभाळ तुमच्या पाठीशी, सायकलवाला अंधारातून तुमच्याकडे येतोय. चेहऱ्यावर मऊ उजेड पडतो आणि मागची झाडी आपोआप काळी राहते. कवडशांना मात्र भुलू नका, अर्धा चेहरा पांढराफटक आणि अर्धा काळा येतो.

वेळेचंही बघा. अंजनेरीचा डोंगर नाशिकच्या पश्चिमेला, त्यामुळे अलीकडच्या पायथ्याला सूर्य मावळायच्या बऱ्याच आधी सावली येते. घड्याळावर जाऊ नका.

पैसे खर्चायचेच तर ५० मिमी एफ/१.८ लेन्स घ्या, जुनी चालेल. एफचा आकडा जितका लहान तितकी लेन्स जास्त उघडते. तुमची किट लेन्स ५५ मिमीला झूम केल्यावर एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही; ही जवळपास दहापट उजेड आत घेते. म्हणजे १/५० चं शटर थेट १/५०० वर. फक्त पाच मीटरवर फोकसची, म्हणजे स्पष्ट येणारी, पट्टी हातभरच उरते, म्हणून फोकस हेल्मेटवर धरा, पुढच्या चाकावर धरलात तर चेहरा गेला. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) ३२००-६४०० ला घाबरू नका. दाणे दिसतील, पण काळा फोटो नंतर उजळवला की दाणे त्याहून वाईट दिसतात. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा, पानांमुळे चेहऱ्यावर आलेली हिरवट झाक घरी काढता येते.

फ्लॅश आयोजकांना विचारल्याशिवाय नको. दगडांतून उतरणाऱ्याच्या डोळ्यांवर तो चमकला तर पडेल बिचारा.

आणि भाऊ कितव्या नंबरला सुटतो ते विचारून ठेवा. त्याच्या पुढच्या चार-पाच जणांवर सेटिंग तपासून घेता येतं.