मे महिन्यात मुंबईला जाताना म्हाताऱ्या लॅब्रॅडॉर कुत्र्याचं आणि मांजरीचं काय करावं?

नमस्कार काका,

प्रश्न मोठा होता, म्हणून आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही दोघंही निवृत्त, घर नागपूरच्या त्रिमूर्तीनगरला, साडेदहा वर्षांचा लॅब्रॅडॉर ब्रूनो आणि मनी नावाची मांजर. मे महिन्यात तीन आठवडे मुलीकडे मुलुंडला जायचंय. ब्रूनोला रेल्वेनं नेऊ, कुत्र्यांच्या हॉस्टेलमध्ये ठेवू की घरीच? शिवाय काकूंचे गुडघे दुखतात, तर त्याचं आणि तुमचं रोजचं फिरणं कसं बसवायचं?

माझं मत सरळ आहे. मे महिन्यात ब्रूनोला घरीच ठेवा आणि सांभाळायला माणूस घरी आणा. रेल्वेनं न्यायचंच तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत न्या, तेही मुक्काम पंधरा दिवसांच्या वर असेल तरच. मनीला कुठेच नेऊ नका. मांजर माणसापेक्षा घराला धरून असते.

रेल्वेचं आधी सांगतो, कारण त्यातच सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. कुत्रा सोबत न्यायचा तर फक्त फर्स्ट एसीत, आणि तिथेही कुपे किंवा केबिन पूर्ण तुमच्या नावावर असेल तरच. कुपे दोन बर्थचा, केबिन चार बर्थची. सेकंड एसी, थर्ड एसी, स्लीपर, चेअर कार यांत मोठा कुत्रा चालत नाही. म्हणजे गरीबरथ बाद, वंदे भारतही बाद. मुंबईसाठी रात्रीची दुरांतो सोयीची, तिला फर्स्ट एसी आहे. दोघांचं तिकीट एकाच पीएनआरवर काढा. पण दोन तिकिटं काढली म्हणजे कुपे मिळालाच असं नाही, बर्थ चार्ट बनताना ठरतात. म्हणून आठ-दहा दिवस आधी मध्य रेल्वेच्या नागपूर मंडळाच्या वाणिज्य विभागात अर्ज द्या. सोबत तिकिटाची आणि लसीकरण कार्डाची प्रत जोडा, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. इथे दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचंही मंडळ कार्यालय आहे. रिक्षावाल्याला नुसतं 'डीआरएम ऑफिस' म्हटलं तर भलतीकडेच उतराल.

चार्टवर कुपे दिसला की पुढचं काम पार्सल ऑफिसचं. गाडीच्या तीन तास आधी कुत्र्याला घेऊन तिथे जायचं. तिकीट, ओळखपत्र, लसीकरण कार्ड आणि प्रवासाच्या आधीच्या २४ ते ४८ तासांतला पशुवैद्यकाचा दाखला लागतो. दाखल्यावर जात, रंग आणि नर-मादी लिहिलेलं हवं. फर्स्ट एसीत एका कुत्र्यामागे ६० किलो सामानाचं भाडं धरतात. पावती न करता नेला आणि पकडला गेला तर सहापट. पार्सल ऑफिस आदल्या दिवशी एकदा बघून ठेवा. हातात ओढणारा लॅब, खांद्यावर बॅग आणि स्टेशनची गर्दी अशा वेळी खिडकी शोधत फिरायची वेळ यायला नको.

चार्टवर चार जणांच्या केबिनमध्ये तुमचे दोन बर्थ आले तर कुत्रा बुक होत नाही, विषय संपला. तेव्हा पार्सलवाले गार्डच्या डब्यातली पेटी सुचवतात. तिथे ३० किलोचाच दर लागतो, म्हणून लोकांना मोह होतो. पण मे महिन्यात नागपुरात ती पेटी म्हणजे तापलेला पत्रा. तिथे एसी नाही, पंखा नाही, मध्ये कुणी पाणी दाखवेल याचा भरवसा नाही. लठ्ठ किंवा म्हाताऱ्या कुत्र्याला त्यात घालूच नका, हिवाळ्यातही नको. म्हणून रेल्वेचं ठरवलं तरी सांभाळणारा माणूस त्या तारखांना राखून ठेवायचाच.

हिवाळ्यात नेताना आणखी एक अडचण येते, ती लघवीची. गाडी रात्रभर चालते आणि घरात न करण्याची सवय लागलेला लॅब लघवी शोषणाऱ्या पॅडवर करतच नाही. तो दाबून ठेवतो आणि पहाटे अस्वस्थ होऊन दार खरवडायला लागतो. दहा दिवस आधी तयारी करा. सकाळी तो बाहेर जिथे करतो तिथे पॅडचा कोपरा लावून थोडी लघवी टिपा आणि तो पॅड अंगणात किंवा गच्चीवर ठेवा. त्याला पट्ट्यानं तिथपर्यंत न्या, त्यानं केलं की लगेच खाऊ द्या. चार-पाच दिवसांत जमलं की पॅड बाथरूममध्ये आणा. गाडीत नेताना अर्धवट वापरलेला एक पॅड पिशवीत बांधून घ्या. कोऱ्या पॅडला वास नसतो, त्यामुळे तो काय आहे हेच कुत्र्याला कळत नाही. प्रवासाआधी चार तास जेवण बंद, पाणी थोडं थोडं चालू.

आता मे महिन्यात घरी ठेवण्याबद्दल. पारा ४५ च्या पुढे गेला की लॅबसारखा जाड केसांचा, वजनदार कुत्रा दिवसभर कूलरपुढेच पडून असतो. तिथे धोका गरमीचा कमी आणि विजेचा जास्त. पत्र्याच्या कूलरचा पंप जुना झाला की बॉडीत करंट उतरतो. खाली सांडलेलं पाणी कुत्रा चाटतो किंवा ओल्या फरशीवरून पत्र्याला नाक लावतो. जाण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या, तीन पिनचाच प्लग ठेवा आणि ३० मिलिअँपिअरचा अर्थ लीकेज ब्रेकर (करंट गळाला की वीज आपोआप तोडणारा) नसेल तर बसवून घ्या. सांभाळणाऱ्याला बजावा की पाणी भरताना आधी बटण बंद आणि प्लग बाहेर. पाणी भरताना कुत्रा दुसऱ्या खोलीत. वाळ्याच्या ताट्या नव्या लावून जा. पिण्याच्या पाण्याची भांडी तीन ठिकाणी ठेवा, मातीची असतील तर उत्तम.

आपल्याकडे उन्हाचा उपाय म्हणून कांदा सगळ्यांना सुचतो. खिशात ठेवा, हरकत नाही, पण कुत्र्याच्या भातात चुकूनही नको. कांदा-लसणानं कुत्र्याच्या आणि मांजरीच्याही रक्तातल्या लाल पेशी फुटतात. पातळ, बिनमिठाचं ताक वाटीभर चालेल. पन्हं नको.

उष्माघाताची लक्षणं घरात राहणाऱ्याला तोंडी सांगू नका, कागदावर लिहून फ्रिजवर लावा. धाप थांबत नाही, लाळ चिकट आणि दाट होते, हिरड्या गडद लाल दिसतात, चालताना तोल जातो, उलटी होते. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असतं. ४० च्या वर गेलं की घाई करायची. सावलीत आणून साध्या पाण्यानं पोट, काखा, जांघा आणि पंजे भिजवायचे, समोर पंखा लावायचा आणि लगेच डॉक्टरकडे निघायचं. बर्फ किंवा फ्रिजचं पाणी शोधत बसायचं नाही, हाताशी असलेलं पाणी लगेच वापरायचं. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवणंही चूक, दोन मिनिटांत तो गरम होतो. जीभ जड झालेल्या कुत्र्याच्या तोंडात जबरदस्तीनं पाणी ओतू नये, ते फुप्फुसात जातं. तुमच्याकडून सेमिनरी हिल्सवरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय फार लांब नाही, पण रात्री कोण बघेल ते जाण्याआधी विचारून तो फोन नंबरही त्याच कागदावर लिहा. शिवाय 'माझ्या गैरहजेरीत उपचाराचा निर्णय अमुक व्यक्ती घेईल' असं सही केलेलं पत्र आणि थोडे पैसे ठेवून जा. ऑपरेशनची वेळ आली की डॉक्टर मालकाची संमती मागतात आणि तुम्ही तेव्हा नेमके लोकलमध्ये असता.

माणूस मिळालाच नाही तर हॉस्टेल. ते बघायला सकाळी जाऊ नका, दुपारी दोनला जा. सकाळी सगळीच हॉस्टेलं थंड असतात. खोलीत कूलर आहे का, लाइट गेली तर तो इन्व्हर्टरवर चालतो का, रात्री तिथे माणूस झोपतो का, एवढं बघा. त्यांनी तुमच्याकडे लसीकरण कार्ड मागितलं नाही तर तिथूनच परत फिरा, दुसऱ्यांचंही मागितलं नसणार. केनेल कफची, म्हणजे एका कुत्र्याकडून दुसऱ्याला लागणाऱ्या खोकल्याची, लस किमान दोन आठवडे आधी द्या. गोचीडाचं औषधही आधीच द्या, मात्र कुत्र्याचं स्पॉट-ऑन (कातडीवर टाकायचे थेंब) मनीला लावू नका. परमेथ्रिन असलेलं औषध मांजरीला मारक ठरतं.

मनीचं सोपं आहे. दोन वेळा खाणं-पाणी आणि मातीचा ट्रे साफ करणं. फक्त तिनं दोन दिवस तोंड लावलं नाही तर 'रुसली असेल' म्हणून सोडायचं नाही, उपाशी मांजरीचं लिव्हर लवकर बिघडतं. पावसाळा लागला की कूलर काढतात आणि खिडकीतली ती चौकट उघडी राहते. मांजर तिथूनच निसटते, म्हणून कूलर निघेल त्याच दिवशी जाळी लावा.

फिरण्याचं आता. काका, त्याचं फिरणं आणि काकूंचं फिरणं ही दोन वेगळी कामं धरा. गुडघ्यांना एका चालीत, सपाट रस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटं चालणं मानवतं. कुत्र्याला दर खांबापाशी थांबून हुंगायचं असतं, त्यातच त्याचा जीव रमतो. दोन्ही एकत्र केलं की काकूंना हिसके बसतात आणि ब्रूनोची फरफट होते. त्याला तुम्ही घ्या, सकाळ-संध्याकाळ पंधरा-वीस मिनिटं पुरे. छातीवर कडी असलेला हार्नेस घ्या, ओढला की तो आपोआप बाजूला वळतो आणि जोर कमी पडतो. लांब होणारा गुंडाळीचा पट्टा नको, मोकाट कुत्री अंगावर आली की तो आवरत नाही. काकूंना सेमिनरी हिल्सच्या चढावर नेऊ नका, सिव्हिल लाइन्सचे झाडांखालचे सपाट रस्ते बरे.

मे महिन्यात साडेपाचच्या सुमारास सूर्य उगवतो, तेव्हा पाचला बाहेर आणि सहाला घरात. संध्याकाळी ऊन उतरलं तरी डांबर रात्री नऊपर्यंत तापलेलं असतं. हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा, टेकवत नसेल तर पंजेही भाजणार. त्या वेळी मातीचं मैदान शोधा. फुटाळा तलावावरची संध्याकाळ कुत्र्यासाठी टाळाच. पावसाळ्यात तिथे भुट्ट्यांची खाल्लेली बुरकुंडं पडलेली असतात आणि लॅब ती न चावता गिळतो. ती पचत नाहीत, आतड्यात अडकतात आणि चार दिवसांनी उलट्या सुरू झाल्या की ऑपरेशनलाच न्यावं लागतं. संक्रांतीच्या आसपास नायलॉन मांजा पायात गुरफटतो. घरी आल्यावर बोटांच्या बेचक्या बघत जा, गोचीडही तिथेच आणि कानामागे सापडतात.

घरातली गुळगुळीत फरशी म्हाताऱ्या लॅबच्या कमरेला घातक. तो उठतो तिथे सतरंजी नको, ती सरकते. खाली रबर असलेलं पायपुसणं टाका. नखं फरशीवर टकटक वाजत असतील तर ती वाढलीत, कापून घ्या. वजनाचा अंदाज बरगड्यांवरून घ्या. हलक्या हातानं चाचपून त्या लागल्या पाहिजेत.

हिवाळ्यात आपल्या कारनं जायचं तर रामटेक, खिंडसी दिवसाभरात होतं. फक्त गडावर वानरं आहेत, कुत्र्याला वर नेऊ नका, एकानं खाली थांबा. पेंच, ताडोबा, उमरेड-कऱ्हांडला यांत कुत्रा नेता येत नाही आणि गेटवर गाडीत बंद करून ठेवणं तर अजिबात नाही. चिखलदऱ्याच्या घाटात लॅबला उलट्या होतात, परतवाड्यालाच थांबून त्याला चालवून घ्या आणि पुढे खाऊ घालू नका. समृद्धीवरून निघालात तर दर दोन तासांनी थांबायचं ते सुविधा केंद्रावरच. कडेच्या पट्ट्यावर गाडी लावून कुत्र्याला उतरवणं जिवावरचं काम आहे. दार उघडण्याआधी पट्टा हातात घ्या, नुसता गळ्यात असून उपयोग नाही.