‘एआय वापरलंच पाहिजे’ : नागपूरच्या नोकरदारांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांचा सूर जवळपास एकच आहे. मिहान असो, धरमपेठ असो की बुटीबोरी, वरून आदेश आला की एआय वापरा, आणि खाली कुरबुर सुरू झाली. कुरबुर बहुतेक ठिकाणी रास्तच आहे. पण ती चहाच्या टपरीवरच राहिली, कागदावर आली नाही, तर कर्मचारी हरतो. म्हणून खालच्या उत्तरांत लिहून ठेवण्याबद्दलच जास्त सांगितलं आहे.

आमच्या कंपनीत कोड लिहिताना एआय सहायक सक्तीचा केलाय. कोण दिवसाला किती सूचना स्वीकारतो हे डॅशबोर्डवर दिसतं आणि ते अप्रेझलला जोडलंय. माझं काम जुन्या बिलिंग प्रणालीचं. तिथे त्याच्या सूचना दुरुस्त करण्यातच वेळ जातो. मॅनेजर म्हणतात, ‘मानसिकता बदला.’ काय करू?
— सॉफ्टवेअर अभियंता, मिहान

मानसिकतेवर वाद घालू नका, मोजमापावर घाला. स्वीकारलेल्या सूचनांचा आकडा वापर किती झाला ते सांगतो, काम किती झालं ते नाही. हा आकडा वाढवणं सोपं आहे : सूचना स्वीकारायची आणि लगेच खोडायची. असे आकडे पाहून निर्णय घेणाऱ्या कंपनीचंच नुकसान होतं, आणि ते तुम्ही पुराव्यानिशी दाखवू शकता.

‘मीटर’ (METR) या अमेरिकी संशोधन संस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी प्रोग्रामरना त्यांच्याच ओळखीच्या प्रकल्पांतली २४६ कामं दिली. एआय वापरायची मुभा असलेल्या कामांना १९ टक्के जास्त वेळ लागला. काम संपल्यावर मात्र त्यांना वाटत होतं की २० टक्के वेळ वाचला. माणसं मोजकी होती आणि साधनं त्या वेळची होती, त्यामुळे तुमच्या टीमबद्दल यातून काहीच सिद्ध होत नाही. एक गोष्ट मात्र नक्की घ्यावी : ‘वेळ वाचतो’ किंवा ‘वेळ जातो’ या वाटण्यावर विसंबता येत नाही. तुमच्याही नाही आणि मॅनेजरच्याही नाही.

तेव्हा स्वतःची नोंद करा. आधी मॅनेजरला दोन ओळींचा मेल टाका की तीन आठवडे मोजून बघतो, त्यातली काही कामं एआयशिवाय होतील. मंजुरी आल्यावर अर्ध्या तासापासून चार तासांपर्यंतची वीसेक कामं निवडा. प्रत्येक कामाला किती वेळ लागेल याचा अंदाज सुरू करण्याआधीच लिहा. मग नाणं उडवा : छापा पडला तर एआय, काटा पडला तर एआयशिवाय. नाणं नसेल तर सोपी कामं नकळत आपल्याला हव्या त्या बाजूला जातात, आणि नोंद पहिल्याच बैठकीत निकालात निघते. तक्त्यात अंदाज, प्रत्यक्ष वेळ, कोड रिव्ह्यूत आलेले शेरे आणि पुढच्या दोन आठवड्यांत परत आलेले बग लिहा. सर्रास होणारी चूक म्हणजे कोड उमटला की घड्याळ थांबवणं. सूचना वाचणं, दुरुस्त करणं, चाचणी चालवणं आणि रिव्ह्यू करणाऱ्या सहकाऱ्याचा वेळ, हे सगळं धरा.

कामाचा प्रकारही लिहा आणि तिथे प्रामाणिक राहा. चाचण्यांचा सांगाडा, एका फॉरमॅटमधला डेटा दुसऱ्यात नेणं, अनोळखी लायब्ररीची तोंडओळख या कामांत एआयचा फायदा दिसण्याची शक्यता बरीच आहे. जुन्या बिलिंगमध्ये अर्धे नियम कोडमध्ये नसून माणसांच्या डोक्यात असतात : कोणत्या ग्राहकाचं बिल कसं पूर्णांकात आणायचं, कोणाची जुनी सवलत अजून चालू आहे. ते साधनाला ठाऊक नसतं, आणि ठाऊक नाही असं न सांगता ते पटण्यासारखं काहीतरी भरून देतं. नोंद हाती आली की मागणी ठेवा : या प्रकारच्या कामांत मी वापरतो, त्या प्रकारच्या कामांत सक्ती नको, आणि अप्रेझलमध्ये सूचनांऐवजी एकूण वेळ आणि परत आलेले बग धरा.

सर म्हणतात, क्लायंटच्या बँक स्टेटमेंटचा सारांश फुकटच्या चॅटबॉटवर काढ. मी क्लायंटचं नाव खोडून टाकते. एवढं पुरेसं आहे का?
— सीए फर्ममधली आर्टिकल असिस्टंट, धरमपेठ

नाही. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७, आणि पुढची दहा अक्षरं म्हणजे चक्क पॅन. पॅनचा कॉलम काढला आणि जीएसटी क्रमांक राहू दिला, तर काहीच लपलं नाही. यूपीआयच्या नोंदींत समोरच्याचं नाव असतं, पुष्कळदा मोबाइल क्रमांकही असतो. दवाखान्याला, शाळेला दिलेले पैसे दिसतात. एक्सेलमध्ये लपवलेल्या शीट आणि कॉलम फाइलबरोबरच जातात. पीडीएफवर काळी पट्टी ओढली तरी खालचा मजकूर अनेकदा कॉपी होतो.

सुरक्षित पद्धत उलटी आहे : खोडत बसायचं नाही, लागेल तेवढंच उचलायचं. कोऱ्या फाइलमध्ये तारीख, रक्कम आणि खर्चाचा प्रकार एवढे तीनच कॉलम ‘फक्त मूल्यं’ म्हणून चिकटवा. कुठे माणसाचा उल्लेख लागलाच तर नावाऐवजी क-१, क-२ लिहा, आणि क-१ म्हणजे कोण ही यादी ऑफिसच्या संगणकावरच ठेवा. सारांशासाठी चॅटबॉटला यापेक्षा जास्त काही लागत नाही. बेरजा मात्र एक्सेलमध्येच करा. लांब यादीची बेरीज चॅटबॉट आत्मविश्वासाने चुकवू शकतो.

आता सरांशी कसं बोलायचं. तुमची आर्टिकलशिप, म्हणजे सीए होण्यासाठीची उमेदवारी, त्यांच्याकडे आहे, म्हणून नकार देण्याऐवजी प्रश्न विचारा, आणि तो मेलवर : ‘सर, क्लायंटची माहिती बाहेरच्या सेवेला देण्याची संमती आपल्या एंगेजमेंट लेटरमध्ये आहे का? नसेल तर मी नावं-क्रमांक काढून वापरते.’ सनदी लेखापाल अधिनियम, १९४९ च्या दुसऱ्या अनुसूचीत क्लायंटच्या संमतीविना त्याची माहिती इतरांना देणं हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे, आणि त्याची झळ सीए संस्थेचे सभासद म्हणून सरांनाच लागते. केंद्रीय अर्थ मंत्रालयानेही जानेवारी २०२५ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना ऑफिसच्या संगणकांवर चॅटजीपीटी, डीपसीक वापरू नका असं बजावलं होतं. एआय हवंच असेल, तर टाकलेला मजकूर मॉडेलच्या प्रशिक्षणाला वापरणार नाही असं करारात लिहून देणारं व्यावसायिक खातं फर्मने घ्यावं.

आमी सातबारा, खरेदीखतं इंग्रजीत करून देतो. मालक म्हणून राहिले, आता सारं एआयनं काढा, दिवसाला दहाच्या जागी तीस कागद झाले पायजे. अन् चूक निघाली तर पगार कापीन म्हणतात. हे बरोबर हाय का?
— टायपिस्ट, सिव्हिल लाइन्स

बरोबर नाही. तिप्पट वेग मागायचा आणि तपासायला वेळ न देता चुकीचा भुर्दंड टायपिस्टवर टाकायचा, या दोन गोष्टी एकत्र चालू शकत नाहीत.

या कागदांत एआय कुठे घसरतं ते मालकांना दाखवा. फिकट झेरॉक्सवर १ आणि ९, ५ आणि ६ यांची अदलाबदल होते. क्षेत्रफळातलं टिंब गळतं : ०.४० हेक्टर म्हणजे ४० आर, साधारण एक एकर. टिंब गेलं की तेच ४० हेक्टर होतं. आपल्याकडच्या कागदांतले ‘प.ह.नं.’ (पटवारी हलका नंबर), ‘मौजा’ (गाव), ‘वल्द’ (अमक्याचा मुलगा) हे शब्द गळतात किंवा माणसाच्या नावाला चिकटतात. सगळ्यात महाग पडणारी चूक ‘भोगवटादार वर्ग-२’ची. भाषांतरात नुसतं ‘मालक’ असं आलं, तर ही जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय हस्तांतरित करता येत नाही ही गोष्टच वाचणाऱ्याला कळत नाही.

तपासणीचा क्रम ठेवा. आधी फक्त आकडे : एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने भाषांतरावर खूण करायची. रक्कम अंकी आणि अक्षरी दोन्ही जुळली पाहिजे, आणि हिश्शांची बेरीज एकूण क्षेत्राइतकी आली पाहिजे. मग नावं, मग चतुःसीमा, आणि शेवटी भाषा. एआयचं भाषांतर इतकं सफाईदार असतं की आधी भाषा वाचली तर आकड्यांवरून डोळा घसरतो. असे पाच कागद घड्याळ लावून करा आणि लागलेला वेळ मालकांसमोर ठेवा. दिवसाला किती कागद होतील ते त्यावरून ठरू द्या.

पगारकपातीबद्दल : वेतन संहिता, २०१९ प्रमाणे नुकसानीपोटी कपात करायची तर ते नुकसान तुमच्या हलगर्जीपणामुळे झालेलं असावं लागतं, कपात नुकसानीच्या रकमेपेक्षा जास्त चालत नाही, आणि तुम्हाला आधी बाजू मांडायची संधी द्यावी लागते. म्हणून प्रत्येक कागदाच्या नोंदीत ‘एआय मसुदा, तपासायला दिलेला वेळ अमुक मिनिटं’ असं लिहीत जा.

सरळ ‘मी वापरणार नाही’ म्हटलं तर नोकरीवरून काढू शकतात का?
— स्टोअरमधला क्लार्क, बुटीबोरी एमआयडीसी

नुसता नकार धोक्याचा आहे. कायदेशीर आणि वाजवी आदेश मुद्दाम न पाळणं हे गैरवर्तन ठरू शकतं, आणि कंपनीचं सॉफ्टवेअर वापरा हा आदेश सहसा वाजवीच मानला जाईल. तुमची बाजू ‘हे विशिष्ट काम, त्यातला हा विशिष्ट धोका’ इथे भक्कम होते. ‘या साधनाने साठ्याचा आकडा चुकला तर सही माझी असते, तपासायला वेळ द्या किंवा सहीची जबाबदारी कोणाची ते लिहून द्या,’ असं अर्जात लिहा. अर्ज आवकमध्ये द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. व्हॉट्सॲपवरच्या ‘ओके’वर थांबू नका.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू आहे. तिच्या कलम ४० नुसार तिसऱ्या अनुसूचीतल्या बाबींत बदल करण्याआधी बाधित कामगारांना २१ दिवसांची नोटीस द्यावी लागते, आणि ज्या तांत्रिक सुधारणेमुळे कामगारकपात होण्याची शक्यता आहे ती या अनुसूचीत येते. नवीन साधन आलं एवढ्यावर नोटीस लागत नाही. त्या साधनामुळे माणसं कमी होणार असतील तर लागते. २० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती असायला हवी. तिच्याकडे एका वर्षाच्या आत अर्ज करता येतो आणि तिने ३० दिवसांत काम पूर्ण करायचं असतं. समितीच नसेल, तर नागपूरच्या अपर कामगार आयुक्त कार्यालयात लेखी तक्रार द्या. तुम्ही कायद्याने ‘कामगार’ आहात का, हे पदाच्या नावावरून नाही, प्रत्यक्ष कामावरून ठरतं. क्लार्कचं काम त्यात येतं.

संघटना असेल तर एकट्याने लढू नका. बँकांत संगणक आले तेव्हा कर्मचारी संघटनांनी १९८३ मध्ये भारतीय बँक संघाशी करार करून यंत्रं कुठे आणि कशी येतील हे ठरवून घेतलं. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या पटकथालेखकांनी १४८ दिवस संप केला आणि कंपनी लेखकाला एआय वापरायची सक्ती करू शकणार नाही हे करारात लिहून घेतलं. सक्ती अटळ असते असं म्हणणाऱ्यांना हा करार दाखवावा.

माझ्याकडे चाळीस माणसं आहेत. एआयची वर्गणी भरली, पण कोणी हात लावत नाही. सक्ती करू का?
— लघुउद्योजक, हिंगणा

आधी कारण विचारा. नोकरी जाण्याची भीती असेल, तर प्रशिक्षणाने ती जाणार नाही. या साधनामुळे वर्षभर कोणाला काढणार नाही असं लिहून द्या, आणि देणार नसाल तर तसंही स्पष्ट सांगा. मग सगळ्या विभागांवर एकदम लादू नका. कोटेशनचा मसुदा, इंग्रजी पत्रव्यवहार, मशीनच्या इंग्रजी मॅन्युअलमधून उत्तर शोधणं अशी तीन कामं घ्या आणि सहा आठवडे चालवा. शिकायला आठवड्यातले दोन तास कामाच्या वेळेतच द्या. लॉगिन मोजू नका. कोटेशन किती वेळात गेलं आणि त्यात किती दुरुस्त्या निघाल्या ते मोजा.

एक रजिस्टर ठेवा : तारीख, काम, कोणतं साधन, कोणी तपासलं. केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी धोरण आणलं, त्यात मंजूर साधनंच वापरायची, निकाल एआयने द्यायचा नाही आणि प्रत्येक वापराची नोंद ठेवायची असं सांगितलं आहे. तेवढी शिस्त कारखान्यालाही झेपते. आणि दर पंधरा दिवसांनी ज्याने सगळ्यात जास्त विरोध केला त्याला बोलवा; साधन कुठे चुकतं हे बहुतेक वेळा त्यालाच नेमकं माहीत असतं.

कॉल सेंटरमध्ये एआय माझे कॉल ऐकून गुण देतं. मी वऱ्हाडी वळणाने बोलते, शेतकरी ग्राहकही तसेच बोलतात. माझे गुण कमी येतात.
— ग्राहकसेवा प्रतिनिधी, नागपूर

कमी गुण मिळालेले दहा कॉल निवडा आणि साधनाने उतरवलेला मजकूर मागा. ‘करून राहिलो’, ‘जाऊन राहिली’ असे प्रयोग, ‘पायजे’, ‘हाय’ असे उच्चार त्यात कसे उतरले ते ऐकलेल्या शब्दांशी ताडून बघा आणि चुकलेल्या शब्दांवर खुणा करा. मजकूरच चुकीचा असेल, तर त्यावर दिलेल्या गुणांना अर्थ उरत नाही. त्याच दहा कॉलना क्वालिटी विभागातल्या दोन माणसांकडून, एआयचे गुण न दाखवता, स्वतंत्रपणे गुण द्यायला सांगा. दोघांचे गुण एकमेकांशी जुळले आणि एआयशी जुळले नाहीत, तर तो तक्ता जोडून लेखी मागणी करा : ठरावीक पातळीखालचे गुण माणसाने तपासल्याशिवाय इन्सेंटिव्हला लावू नयेत. तुमच्यासारख्याच बोलणाऱ्या आणखी दोघी-तिघींचे कॉल त्यात घेतले, तर हा तुमच्या एकटीच्या बोलण्याचा प्रश्न नाही हे तक्त्यातच दिसेल.