लेगोच्या विटांपासून स्वतःच्या डिझाइनचं मॉडेल बनवणं तयार सेटपेक्षा महाग पडतं का?

बहुतेक वेळा हो. सेटचे तुकडे कंपनी एकगठ्ठा बनवते, तुम्ही मात्र एकेक सुटा विकत घेता. पण बजेट खरं कोलमडतं ते रंगामुळे. साधी २×४ वीट लाल किंवा पांढऱ्या रंगात सहज मिळते. एखादा तिरका तुकडा मोजक्याच सेटमध्ये आलेल्या रंगात हवा असेल, तर किंमत कित्येक पटींनी चढते. शिवाय ब्रिकलिंक या लेगोच्या सुट्या तुकड्यांच्या ऑनलाइन बाजारात सगळं एकाच विक्रेत्याकडे क्वचितच सापडतं. मग चार पार्सलं आणि चार वेळा टपालखर्च.

म्हणून आधी ब्रिकलिंकच्याच स्टुडिओ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल पूर्ण बांधा. तुकड्यांची यादी आणि अंदाजे किंमत तिथेच दिसते. महागडा तुकडा दिसला की रंग बदलून पाहा. भिंतीच्या आत, जिथे नजर पोचत नाही, तिथे घरच्या डब्यातल्या कुठल्याही रंगाच्या विटा बिनधास्त भरा, यात खूप पैसे वाचतात. १९५८ सालच्या विटाही आजच्या विटांना बसतात, त्यामुळे वापरलेल्या विटांचा ढीग स्वस्तात मिळाला तर घ्याच. फक्त उन्हाने पिवळ्या पडलेल्या आणि दातांचे व्रण असलेल्या विटा दर्शनी बाजूला लावू नका.