तीन भाषांतलं 'बोर' आणि आपलं बोर

विचारणा अशी : 'बोर' म्हणजे हंगेरियनमध्ये वाइन, इंडोनेशियनमध्ये ड्रिल आणि उझ्बेकमध्ये 'आहे'. हा मुळात एकच शब्द आहे का? आणि आपल्या बोराशी त्याचं काही नातं?

आपलं बोर आधी बाजूला ठेवू. ते संस्कृत 'बदर'वरून आलेलं, त्याचा या तिघांशी काडीचा संबंध नाही.

हंगेरियन आणि उझ्बेक शब्दांचं मात्र एक कोडंच आहे. दोन्ही तुर्की कुळातले, पण मूळ शब्द वेगवेगळे. हंगेरीच्या शेजारी जर्मन 'वाइन' म्हणतात, स्लाव्ह 'विनो', रोमानियन 'विन'. हंगेरियन तेवढे 'बोर' म्हणतात, कारण इसवी सन ८९५च्या सुमारास कार्पेथियन खोऱ्यात येण्याआधी ते गवताळ मैदानांत तुर्की टोळ्यांच्या शेजारी राहत होते आणि हा शब्द तिथूनच उचलला. उइघुर या तुर्की कुळातल्या भाषेच्या जुन्या कागदपत्रांत द्राक्षमळ्याला 'बोरलुक' म्हटलंय. उझ्बेक स्वतः तुर्की भाषा, पण तिथे आज वाइनला 'शरॉब' किंवा रशियन 'विनो' म्हणतात. घरच्यांनी टाकलेला शब्द शेजाऱ्यांनी जपला!

उझ्बेक 'बोर' मुळात 'बार'. तुर्कस्तानात त्याचं 'वार' झालं, कझाकमध्ये 'बार'च राहिलं. उझ्बेकमध्ये जुन्या 'आ'चा बऱ्याच ठिकाणी 'ऑ' होतो : नानचं 'नॉन', बाजारचं 'बॉझॉर'. म्हणून खरं तर 'बॉर' असं लिहायला हवं. दुकानात 'नॉन बॉरमी?' म्हणजे 'नान आहे का?'. 'पुलिम बॉर' म्हणजे 'माझ्याकडे पैसे आहेत'; शब्दशः 'माझे पैसे आहेत'. इंग्रजी 'हॅव्ह'सारखं क्रियापद तिथेही लागत नाही, आपल्यासारखंच. वर 'बॉर' म्हणजे 'जा' असाही अर्थ आहे, पण तो धातू वेगळा : 'बॉझॉरगा बॉर', बाजारात जा.

इंडोनेशियन 'बोर' सरळ डच अमदानीतला, डच 'बोर'वरून. त्याला प्रत्यय लागून 'मङेबोर', म्हणजे भोक पाडणे. बोलताना नुसतं 'ङेबोर'. २००३मध्ये दांगदुत या इंडोनेशियातल्या लोकप्रिय संगीतप्रकारातली गायिका इनुल दारातिस्ता हिच्या कंबर गरागरा फिरवण्याला 'गोयांग ङेबोर' म्हणत, आणि त्यावरून देशभर वादंग माजला होता.

डच 'बोर' आणि इंग्रजी 'बोअर' हे जर्मानिक कुळातले सख्खे भाऊ. म्हणजे फळाचं नसलं, तरी शेतात 'बोअर मारली' म्हणतो त्या बोअरचं नातं जकार्तापर्यंत पोचतं.