फॉर्मवरची ‘इतर’ची चौकट

‘दुष्परिणाम तोंडपाठ आहेत. मुलांसाठी सिगारेट सोडायची असं दर वेळी ठरवतो आणि आठवड्यात परत ओढतो. माझं मुलांवर प्रेमच नाही का?’ हे तुम्ही लिहिलेलं वाचलं आणि सहा वर्षांपूर्वीचा मीच आठवलो. म्हणून जरा लांबण लावतोय. मी डॉक्टर नाही, एकोणीस वर्षं ओढून सोडलेला माणूस आहे. तेवढ्याच बेताने घ्या.

फुप्फुसं, हृदय वगैरे सोडून देतो. संशोधक रिचर्ड डॉल यांनी १९५१पासून ब्रिटिश डॉक्टरांचा पन्नास वर्षं मागोवा घेतला. त्यात वयाच्या चाळिसाव्या वर्षाच्या सुमारास सोडणाऱ्यांचं आयुष्य, ओढत राहणाऱ्यांच्या तुलनेत, साधारण नऊ वर्षांनी वाढल्याचं दिसलं. हे मी वाचलं ते हातात पेटती सिगारेट धरून. छान वाटलं, आणि संपवली.

मला सगळ्यात महागात पडला तो मुलीला दिलेला शब्द. ती तेव्हा आठ वर्षांची. तिच्यासमोर पाकीट चुरगाळलं, घरच्यांनी कौतुक केलं. अकराव्या दिवशी एक ओढली. नुसतीच घसरण असती तर बाराव्या दिवशी पुन्हा सुरुवात केली असती. पण आता त्या एका सिगारेटचा अर्थ मुलीला फसवणं असा झाला होता, म्हणून लपवली. आणि लपवल्यावर मदत मागायची सोयच उरली नाही. ज्याने सोडलीय तो सोडायची कशी हे कुणाला विचारणार? असे चौदा महिने गेले. गाडीत मागच्या सीटखाली जादा शर्ट, खिशात माउथवॉशची छोटी बाटली. मुलगी गळ्यात पडायला आली की मी मान वळवायचो. गंमत म्हणजे आधी दिवसाला बारा होत्या, त्या सोळावर गेल्या. संधी मिळाली की एकीवर भागायचं नाही, पुढची कधी मिळेल कोण जाणे!

मध्येच एका सल्ला केंद्रात जाऊन आलो. नाव घेत नाही. फॉर्मवर ‘सोडण्याचे कारण’ आणि खाली चौकटी: आरोग्य, कुटुंब, पैसा, इतर. मी कुटुंबावर खूण केली. समोरच्यांनी मान वर न करता ‘इच्छाशक्ती वाढवा’ म्हणत काळ्या फुप्फुसाचं पत्रक हातात ठेवलं. तलफ कमी करायला मिळणारे निकोटिनचे पॅच, गम, नाहीतर गोळ्या, यांचं नावही नाही! इच्छाशक्ती वाढवायची म्हणजे रोज किती वाढवायची, जेवणाआधी की नंतर? अजून राग येतो. सगळीकडे असंच असतं असं म्हणत नाही, चांगले लोकही भेटतात म्हणे.

माझं कारण सापडलं ते मात्र केराच्या डब्यात. रात्री पावणेदोनला पाकीट संपलेलं. डबा उपसून एक थोटूक काढलं, त्याला ओली चहापत्ती चिकटली होती. बोटाने पुसलं, फुंकर मारली आणि ओढलं. तीन झुरके. कुणी पाहिलं नाही, कुणाला लाज आणली नाही. तरी ते आठवलं की अजून मान खाली जाते. आरोग्य नाही, कुटुंब नाही, मला पुन्हा कधी त्या डब्यात हात घालायचा नव्हता, बस. त्या फॉर्मवर हे ‘इतर’मध्ये गेलं असतं.

तुमचंही असं काहीतरी असेल, बहुधा क्षुद्र आणि सांगायला लाजिरवाणं. तेच शोधा. मुलांवरचं प्रेम या परीक्षेला बसवू नका, हे माझं ठाम मत आहे. काहींना मुलांसाठी सोडणं जमतं, हेही खरं.

कारण सापडल्याने तलफ जात नाही, एवढंच की मदत घ्यायची लाज जाते. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट, मग दोन-चार आठवड्यांत उतरत जातं. एकेक तलफ काही मिनिटांचीच असते. पॅच किंवा गम डॉक्टरांना विचारून घ्या. गम साध्या च्युइंगमसारखा चघळत राहायचा नसतो. झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायचा, त्या थांबल्या की परत थोडा चावायचा. त्याआधी पंधरा मिनिटं कॉफी नको, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही.

आणखी एक, जे मला कुणीच सांगितलं नव्हतं: सिगारेटच्या धुरामुळे शरीर कॅफीन लवकर बाहेर टाकतं. सोडल्यावर तेवढीच कॉफी जास्त चढते. माझी पहिल्या आठवड्यातली छातीतली धडधड आणि अर्धी चिडचिड त्याचीच असावी. कप निम्मे केले तशी उतरली. मानसिक आजारावरच्या काही औषधांचंही असंच असतं, डोस बदलावा लागतो. तुम्ही काही घेत असाल तर सोडण्याआधी डॉक्टरांच्या कानावर घाला.

या खेपेला मुलीला काही बोललो नाही. तीनेक महिन्यांनी गाडीत बसताना तिनेच विचारलं, ‘‘बाबा, हल्ली मागे तो दुसरा शर्ट नसतो?’’